गळ्यात टाय, हातात काय?

मार्चअखेरची दुपार होती. पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने अंतिम वर्षातील, अद्याप नोकरीचे पत्र हाती न पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा ‘व्यक्तिमत्त्व विकास वर्ग’ भरविला होता. समारोपाच्या गटचर्चेसाठी परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. मी कलाशाखेचा पदवीधर. उभे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. अभियांत्रिकीतले मला काय कळणार, अशी शंका मी संयोजकांपाशी बोलूनही दाखविली. ‘‘त्याची काहीच आवश्यकता नाही. मुले बसतात कशी, बोलतात कशी, एवढेच आपण पाहायचे,’’ असे त्यांनी अत्यंत आदबीने सांगितले. त्या उत्तरात सारे काही आले होते. माझ्या ध्यानात यायला मात्र सायंकाळ व्हावी लागली.

टेबलाभोवती आठ तरुण बसले होते. सहा मुलगे, दोन मुली. डोक्यावरचा पंखा गरम वारा ढवळत होता आणि सहाही जणांनी गळ्यात टाय आवळलेले होते. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता : वरदान की शाप’ हा विषय. पहिल्याने ज्या इंग्रजी वाक्याने प्रारंभ केला, त्याच वाक्याने तिसऱ्याने आणि पाचव्यानेही केला. हात किती उंच न्यायचा, ‘मी आपल्याशी सहमत आहे, परंतु’ हे केव्हा म्हणायचे, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे, हे सारे घोटून घेतलेले होते. कोणी काही चुकीचे बोलत नव्हते, कारण कोणी काही बोलतच नव्हते.

चहाच्या वेळी त्यांतल्या सर्वांत अबोल मुलाशी मी मराठीत बोलू लागलो. तो अणुविद्युत शाखेचा. वडील एका सहकारी साखर कारखान्यात हंगामी कामगार. ‘‘प्रकल्प कशावर करतो आहेस?’’ असे विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, प्रोजेक्ट आणलाय.’’ केलाय नव्हे, आणलाय! शेजारची मुले हसली, पण माझ्या अज्ञानाला. अंतिम वर्षाचे प्रकल्प शहरातील दुकानांत तयार मिळतात, सोबत छापील अहवाल मिळतो, परीक्षक विचारतील त्या प्रश्नांची उत्तरेही मिळतात, हे ठाऊक नसलेला परीक्षक त्यांनी बहुधा प्रथमच पाहिला असावा. विशेष म्हणजे त्या मुलाच्या स्वरात अपराधाची छटाही नव्हती. किराणा आणावा तसा त्याने प्रकल्प आणला होता.

आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा ‘व्यावसायिक विकास’ म्हणून जे काही विकले जाते, त्याविषयी माझी तक्रार आहे ती येथून सुरू होते.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. टायशी माझे वैर नाही. ज्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पोशाखाच्या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. इंग्रजीशीही वैर नाही. खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेला, घराण्यातला पहिलाच पदवीधर मुलगा मुलाखतीत इंग्रजी प्रश्नापुढे थिजतो. त्याला चार धीराची वाक्ये शिकवणे हे पुण्यकर्मच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. चार वर्षे ज्या मुलाला आपण एकही गोष्ट स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या जबाबदारीवर करू दिली नाही, त्याला शेवटच्या तीन आठवड्यांत आत्मविश्वास कोठून आणून देणार? आत्मविश्वास हा केलेल्या कामाचा असतो. न केलेल्या कामाचा आत्मविश्वास असेल, तर त्याला मराठीत दुसरा शब्द आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत ‘जीटी’ नावाचा एक शब्द रूढ आहे. आपल्या घरात असा विद्यार्थी असेल तर त्याला अवश्य विचारावे. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. पहिल्या वर्षी आरेखनाचे कागद काढावे लागतात. एका मुलाने काढलेला कागद काचेवर ठेवायचा, काचेखाली दिवा लावायचा, वर आपला कोरा कागद ठेवायचा आणि रेषेवर रेष ओढायची. वसतिगृहात एकेक मूळ कागद रात्रभर खोल्याखोल्यांतून फिरतो. कार्यशाळेतील लोखंडाचा ‘जॉब’ घासून द्यायला तेथले ‘मामा’ असतात. प्रयोगवही मागील वर्षीच्या वहीवरून उतरते. प्राध्यापकांना हे माहीत असते, कारण त्यांनीही कधी काळी तेच केलेले असते. तेही बिचारे काय करणार? तासिका तत्त्वावरची नेमणूक, कित्येक खासगी संस्थांत महिनोन्‌महिने थकलेले वेतन आणि टेबलावर शंभर वह्यांची चळत. ते सही करतात. सर्वांनाच ठाऊक असलेल्या असत्याखाली केलेली ती सही हा अभियंत्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा पहिला धडा असतो, आणि तो पुढील चार वर्षे दर सत्राला गिरवला जातो.

अभियंत्याच्या सहीला किंमत असते. १४ मार्च २०१९ च्या सायंकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळला. घरी निघालेले चाकरमाने आणि रात्रपाळीसाठी रुग्णालयाकडे निघालेल्या परिचारिका त्यात मृत्युमुखी पडल्या. त्या पुलाचे संरचनात्मक परीक्षण झालेले होते. किरकोळ दुरुस्त्या सुचवून तो वापरण्यास योग्य असल्याचा निर्वाळा अहवालात दिलेला होता. दोष कोणाचा आणि किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यात मी पडत नाही. परंतु त्या अहवालाखाली एक सही होती आणि त्या सहीवर विसंबून हजारो माणसे रोज त्या पुलावरून जात होती, एवढे तरी विसरता येत नाही.

वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. डॉक्टरची सनद रद्द होऊ शकते. अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा मात्र दशकानुदशके चर्चा आणि मसुदे यांच्या पलीकडे सरकला नाही. म्हणजे सनदेचा धाक नाही. मग उरते काय? उरतो तो संस्कार. आणि तो संस्कार काचेखालच्या दिव्याच्या उजेडात होत असेल तर टाय बांधून काय साधणार?

हे नेहमीच असे होते काय? तसे नाही. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली निघाले ते सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करण्याकरिता. इंग्रजांचा हेतू मर्यादित होता, त्यांना हाताखालची माणसे हवी होती. परंतु शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांच्यात भिंत नव्हती. याच महाविद्यालयातून विश्वेश्वरय्या बाहेर पडले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता झाले. विशी नुकतीच ओलांडलेला तो तरुण धुळ्याकडे पांझरा नदीवर कालव्याच्या नळकामासाठी पावसापाण्यात, पुरात उभा राहिला. पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्यांचे व्यक्तिमत्त्व घडविण्याचा वर्ग पांझरेच्या पात्रात भरला होता.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक होते. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगर घडविला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. त्या शेतकऱ्यापुढे उभे राहून त्याची शंका ऐकून घेणे, त्याच्या बोलीत त्याचे समाधान करणे आणि त्याच्या बैलांना झेपेल असा नांगर देणे, याला आज ‘कम्युनिकेशन स्किल’ म्हणतात. एवढेच नव्हे तर १९२० साली त्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचविण्यासाठी निघालेले ते पत्रक पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतील एक मान्यवर मासिक झाले. नांगर आणि पंप बनविणाऱ्या कारखान्याच्या पोटी मराठी मासिक जन्माला यावे, हे आजच्या कोणत्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सांगितले जाते? माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला त्याचे अप्रूप अधिक वाटते, हे मान्य करतो.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना अनुमती दिली. तो निर्णय सर्वस्वी चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. तोवर आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जात. माझ्या शाळेतील कित्येक सोबती या नव्या महाविद्यालयांमुळेच अभियंते झाले. बिघडले ते पुढे. माहिती तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्या एकेका महाविद्यालयातून शेकड्याने मुले उचलू लागल्या. त्यांना शाखेशी कर्तव्य नव्हते. स्थापत्य असो, यंत्र असो, रसायन असो, अंकगणिताची चाचणी आणि थोडे इंग्रजी यांवर निवड होई व संगणकाचे शिक्षण कंपनी स्वतः देई. मग महाविद्यालयाने शाखा शिकवायचीच कशाला? प्राचार्यांच्या दालनापेक्षा ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट’चे दालन मोठे झाले. प्रवेशद्वारावर फलक लागले. त्यावर मुलांची छायाचित्रे आणि खाली पॅकेजचे आकडे. मुलगा काय शिकला, हे त्या फलकावर कधी लिहिलेले असते का?

तो आकडा तरी वाढला का? सरसकट भरतीचा प्रारंभीचा पगार दशकाहून अधिक काळ वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या घरातच रेंगाळला. महागाई कोठे गेली, महाविद्यालयांचे शुल्क कोठे गेले, हे पालकांना सांगायला नको. आणि २०२२ च्या अखेरीपासून तर नेमणुकीची पत्रे देऊनही कंपन्यांनी मुलांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवले.

यावर उपाय म्हणून पुन्हा वर्गच! एका खासगी चाचणी कंपनीने २०१९ च्या अहवालात ऐंशी टक्क्यांहून अधिक अभियंत्यांना ज्ञानाधारित नोकरीस अपात्र ठरविले. वृत्तपत्रांनी तो आकडा ठळक अक्षरांत छापला. आमच्या व्यवसायाचा हा प्रमाद मी कबूल करतो. पात्रता मोजण्याची चाचणी तीच कंपनी शुल्क घेऊन विकत होती, ही ओळ मात्र त्या मथळ्यांखाली क्वचितच आली. आधी रोग जाहीर करायचा, मग तपासणीची पावती फाडायची. मुलाला अपात्र ठरविणाऱ्या संस्थेने त्याला चार वर्षे शिकविणाऱ्या महाविद्यालयाला काय विचारले, हे मला अद्याप कळलेले नाही.

वस्तुतः कागदावर आपण मागे नाही. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्या वेळी अभियंत्याच्या अंगी असावयाचे जे बारा गुण आपण स्वीकारले, त्यांतले सात निव्वळ तांत्रिक नव्हेत : समाजाचे भान, पर्यावरण, नीती, संघभावना, संवाद, प्रकल्प आणि अर्थ यांचे व्यवस्थापन, आजन्म शिकण्याची वृत्ती. संवादाच्या कलमात काय म्हटले आहे? अहवाल व आराखड्याचे लेखन करता यावे, आपले म्हणणे मांडता यावे, स्पष्ट सूचना देता याव्यात आणि घेता याव्यात. उच्चार आणि हस्तांदोलन यांचा त्यात उल्लेख नाही. २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने श्रेयांकांचे ओझे १६० वर आणले आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला त्यात मानाचे स्थान दिले. हेतू उत्तम. आपण त्याचे काय केले? पैसे भरून घरबसल्या ‘इंटर्नशिप’ची प्रमाणपत्रे देणारी दुकाने उघडली. प्रकल्प आणला जातो, तसा अनुभवही आणला जाऊ लागला. आणि त्या बारा गुणांचे? तपासणीला समिती येण्याआधी प्राध्यापक रात्री जागून त्यांचे तक्ते भरतात.

आता थोडे आपल्याविषयी. हे साप्ताहिक वाचणाऱ्या घरांतूनच ही मुले महाविद्यालयात जातात. दुकानातून आणलेल्या प्रकल्पाचे पैसे मुलाच्या खिशातून येत नाहीत. ते आपण देतो, आणि ‘सगळेच करतात’ असे म्हणून देतो. शाखेतील कामाची, कमी पगाराची, धुरळ्याची नोकरी मुलाने पत्करली, तर नातेवाइकांत सांगताना आपला आवाज खाली येतो. संघटनेच्या कामातही आपण याहून फार वेगळे वागतो असे नाही. ‘डिपेक्स’सारख्या प्रदर्शनातून विद्यार्थी परिषदेने पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या हातांनी चालते यंत्र घडवून दाखविण्याचे व्यासपीठ अनेक वर्षे दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पारितोषिक वितरणाला टाळ्या वाजविणाऱ्या आपल्यातील किती उद्योजकांनी त्यातले एक यंत्र पुढे नेले? बाकी वेळी आपणही ‘करिअर मार्गदर्शन शिबिर’ घेतो, पडद्यावर चित्रे दाखवतो, वक्त्याला श्रीफळ देतो.

शाखेत आणि वस्तीत रोज भेटणाऱ्यांत पाटबंधारे, वीज मंडळ, रेल्वे, दूरध्वनी अशा खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे. छोटे कारखाने चालविणारे किती आहेत, हेही. त्यांतील प्रत्येकाने दोन मुले वर्षभरासाठी आपल्या हाताखाली घ्यावीत. भाषण नको. कामावर न्यावे, चूक करू द्यावी, ती चूक त्याच्याकडून स्वतःच्या शब्दांत अर्धे पान लिहून घ्यावी आणि त्याखाली त्याची सही घ्यावी. कारखानदारांना कायद्याची जोडही आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंते आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले आणि किमान विद्यावेतनाच्या निम्म्यापर्यंतचा भार केंद्र सरकार उचलते. पन्नास वर्षांची ही सोय आपल्या मध्यमवर्गीय घरांत किती जणांना ठाऊक आहे?

मला तरी ती कोठे ठाऊक होती! माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलामुळे ती कळली. तो यंत्र शाखेचा, २०२३ चा पदवीधर. एका बड्या कंपनीचे पत्र त्याच्या खिशात होते. रुजू होण्याची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. दहा महिने घरी बसून कंटाळल्यावर तो कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. विद्यावेतन ९,०००. घरात अबोला झाला. मेहुण्यांनी मला फोन करून सांगितले, ‘‘तुम्ही तरी त्याला समजवा.’’ मी समजावलेही. ते आज लिहिताना बरे वाटत नाही.

पावसाळ्यात त्या ओतशाळेत मालाचे रिजेक्शन वाढले. साच्याच्या वाळूत ओल अधिक झाली की ओतलेल्या लोखंडात वायूची छिद्रे पडतात. कामगारांसाठी सूचना लिहून लावण्याचे काम याच्याकडे आले. त्याने इंग्रजीत लिहिली. चार दिवस ती भिंतीवर होती, कोणी वाचली नाही. मग त्याने मला फोन केला, ‘‘मामा, मराठीत नीट करून दे.’’ मी मोठ्या हौसेने करून दिली. ‘वाळूतील आर्द्रतेचे प्रमाण विहित मर्यादेत राखणे अनिवार्य आहे’ असे काहीसे माझे वाक्य होते. तेथल्या वृद्ध मिस्त्रींनी ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘साहेब, आर्द्रता म्हणजे ओलच ना? मग ओल म्हणा की.’’ तिसरी सूचना भाच्याने मिस्त्रींच्या शेजारी बसून लिहिली : वाळू मुठीत दाबा. मुठीचा ठसा राहिला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये. लागला तर साचा भरू नका, मला बोलवा. खाली त्याचे नाव आणि सही.

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर त्या बड्या कंपनीचे बोलावणे एकदाचे आले. तो गेला नाही. वर्ष पुरे झाल्यावर ओतशाळेने त्याला कायम केले. पगार त्या पत्रातील आकड्याहून आजही कमीच आहे. बहीण लग्नकार्यात कोणी विचारले, तर मुलगा ‘कोल्हापूरकडे एका कंपनीत’ असतो एवढेच सांगते. ओतशाळा हा शब्द तिच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही.